युरोपचा अभ्यास आपल्या काय कामाचा?



गेल्या कार्तिकातली गोष्ट आहे. संध्याकाळी सातच्या सुमारास युनियनच्या कचेरीत आमचे एक जुने सभासद आले. फौंड्रीत बावीस वर्षे मोल्डिंगवर काम केलेला माणूस. बरोबर त्यांची मुलगी होती, राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. गृहस्थ खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आण्णा, पोरगी म्हणतीया युरोपला जाऊन एम.ए. करायचं. तेबी कशात, तर युरोपचं राजकारण आन् संस्कृती. तिथलं राजकारण शिकून हिला हितं काय मिळणार? वीस गुंठं रान हाय, ते काढू का नको, तेवढं सांगा."

आम्ही त्यांना आठ दिवसांनी या म्हटले. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमचे शाळेचे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, नगर वाचन मंदिराच्या बाकावर आणि उसनी आणलेल्या पुस्तकांतून. विद्यापीठात आम्ही गेलो ते बहुधा मोर्चाबरोबर. अशा माणसाने एम.ए.च्या पदवीविषयी कौल द्यावा हे धाडसच होय. पण रान काढण्याचा प्रश्न होता, तेव्हा टाळूनही चालणार नव्हते. म्हणून आम्ही ते आठ दिवस इतिहास धुंडाळण्यात घालवले. जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहो.

आधी एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका कारखान्यात पाळ्यांच्या फेरबदलाच्या वाटाघाटी चालल्या होत्या. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. व्यवस्थापनाने टेबलावर इंग्रजी कागदांचा एक गठ्ठा ठेवला आणि सांगितले, "माल युरोपात जातो. ही गिऱ्हाईकाची अट आहे. जादा तास भरावेच लागतील, नाहीतर ऑर्डर जाईल." ऑर्डर जाईल हे शब्द ऐकले की कामगाराच्या पोटात गोळा येतो. आम्ही चार पाने चाळली, बाकीची चाळल्यासारखी केली, आणि सही केली. पुढे वर्षभराने तोच गठ्ठा याच मुलीने, वडिलांनी घरी नेला म्हणून, बसून वाचून काढला. त्यात गिऱ्हाईकाची अट अशी होती की जादा काम धरूनही कोणाला आठवड्यात ६० तासांपलीकडे राबवू नये. म्हणजे ज्या कागदाच्या धाकाने आम्ही तास वाढवून दिले, तो कागद तास आवरा असे सांगत होता. चूक आमची होती, आणि तिची किंमत आमच्या माणसांनी पाठीवर मोजली.

तो साठाचा आकडा तेव्हापासून आमच्या डोक्यातून गेला नाही. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. कोल्हापूरचा आणि युरोपचा संबंध आजचा नाही. १८७० साली छत्रपती राजाराम महाराज विलायतेस गेले. वय वीस वर्षांचे. त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, पार्लमेंट पाहिले, आणि प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत लिहून ठेवली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी त्यांचा अंत झाला. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचे दहन झाले. आज तेथे त्यांची छत्री उभी आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्या मेजर मँटच्या आराखड्यावर झाला, त्यानेच ती छत्री रचली. त्यांची रोजनिशी १८७२ साली लंडनमध्ये छापून निघाली.

राजाराम महाराज युरोपात होते त्या सहा महिन्यांत तेथे काय काय घडत होते याचा विचार केला तर आश्चर्य वाटते. ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सप्टेंबरच्या प्रारंभी सेदानच्या लढाईत फ्रान्सचा बादशहा जर्मनांच्या हाती सापडला आणि पॅरिसमध्ये प्रजासत्ताक पुकारले गेले. त्याच महिन्यात इटलीच्या फौजा रोममध्ये शिरल्या. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या कामगारांनी आपले कम्यून उभारले आणि ते रक्तात बुडवले गेले. त्याच १८७१ साली इंग्लंडात कामगार संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली. इतकी मोठी उलथापालथ चालली असता एक वीस वर्षांचा राजपुत्र तेथून प्रवास करीत होता. जे दाखविले ते त्याने पाहिले. पाहुण्याला यजमान दिवाणखाना दाखवतो, भटारखाना दाखवीत नाही. शिवाय आयुष्यानेच त्यांना मुदत दिली नाही. त्यांच्या स्मृतीस उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. सांगावयाचे इतकेच की युरोप पाहणे आणि युरोपचा अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी यात्रा राजर्षी शाहू महाराजांची. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते १९०२ साली विलायतेस गेले. केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्मानाची एल्एल्.डी. पदवी दिली. राजा आजारी पडल्याने समारंभ जूनमधून ऑगस्टवर गेला. आणि महाराज तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर सरकारच्या गॅझेटात तो प्रसिद्ध हुकूम निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस द्याव्यात. चार वर्षांनी, १९०६ साली, शाहू मिल निघाली. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम निघाला. यांतले विलायतेहून किती आले आणि महाराजांच्या स्वतःच्या अनुभवातून किती, याची वाटणी आम्ही करू शकत नाही. वेदोक्ताच्या प्रकरणाने त्यांना जे शिकविले ते कोणत्याही केंब्रिजात मिळाले नसते. पण बाहेर जे चांगले दिसले ते इकडच्या शेवटच्या माणसासाठी वापरावयाचे, ही दृष्टी त्यांच्यापाशी खास होती.

आणि या दृष्टीनेच त्यांनी एका विद्यार्थ्याला हेरले. येथून तिसरी यात्रा सुरू होते, आणि आमच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे.

हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे २१ व २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी डॉ. भीमराव आंबेडकर होते. वय अवघे अठ्ठावीस. शाहू महाराज स्वतः तेथे आले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले की तुम्हांला तुमचा पुढारी मिळाला आहे. परिषद झाली, आणि साडेतीन महिन्यांच्या आत, त्याच जुलैमध्ये, हा पुढारी बोटीत बसून लंडनला निघून गेला. कशासाठी? अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी. आजच्या पुढाऱ्याने असे केले तर लोक त्याला वेडा म्हणतील. चळवळ तापली असता पुढारी पुस्तके वाचावयास जातो म्हणजे काय? परंतु शाहू महाराजांनी त्यांना अडविले नाही. उलट पैशाची मदत केली. प्राध्यापकीच्या पगारातली शिल्लक, नवल भथेना या पारशी मित्राने कबूल केलेले पाच हजारांचे कर्ज, आणि कोल्हापूरची मदत, एवढ्या शिदोरीवर ते निघाले. मागे परळच्या चाळीत रमाबाई होत्या. त्या शिक्षणाचा अर्धा खर्च त्या माउलीने पोटाला चिमटा घेऊन सोसला, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

या विद्यार्थ्याने त्याआधी काय शिकले होते तेही पाहू. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली तेथे एम.ए. झाले. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण तेथल्या नोंदी पाहिल्या तर तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राजकारणाचे ३ पाठ्यक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचे एकेक. म्हणजे शिष्यवृत्ती अर्थशास्त्राची, पण भूक साऱ्या जगाची.

पुढे १९३० साली त्यांनी आपल्या कोलंबियाच्या दिवसांविषयी लिहिताना चार गुरुजनांची नावे प्रेमाने घेतली: जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिगमन आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. यांपैकी दोघे, रॉबिन्सन आणि शॉटवेल, युरोपच्या इतिहासाचे प्राध्यापक होते. रॉबिन्सन यांचे 'नवा इतिहास' या अर्थाच्या नावाचे इंग्रजी पुस्तक १९१२ साली निघाले होते. राजे आणि लढाया यांची जंत्री म्हणजे इतिहास नव्हे. माणसे काय विचार करीत, कसे जगत आणि त्या जगण्याचा आजच्या प्रश्नाशी काय संबंध, हे सांगेल तो इतिहास, असे त्यांचे म्हणणे. जोतीराव फुल्यांचा महाराष्ट्र ज्याने जाणला त्याला हे म्हणणे परके वाटले नसेल.

लंडनचे दिवस कष्टाचे होते. सकाळी अपुरी न्याहारी करून ग्रंथालय गाठावयाचे आणि ते बंद होईपर्यंत उठावयाचे नाही, असा क्रम. १९२१ साली एम.एस्सी. मिळाली. १९२२ साली बॅरिस्टरी झाली. त्याच वर्षी ते जर्मनीत बॉन विद्यापीठातही काही काळ राहिले. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणारा हा विद्यार्थी जर्मनीत होता तेव्हा तेथील मार्क कोसळावयास लागला होता. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. चलन कोसळले म्हणजे पगारदाराचे काय होते, याचा एवढा मोठा धडा दुसरीकडे क्वचितच मिळाला असता. प्रबंध पहिल्या खेपेस जसाच्या तसा मान्य झाला नाही. तो सुधारून पुन्हा धाडला, आणि १९२३ च्या अखेरीस डी.एस्सी. पदरी पडली. तोवर शाहू महाराज राहिले नव्हते. ६ मे १९२२ रोजी त्यांचे मुंबईत निधन झाले. आपण पाठविलेल्या विद्यार्थ्याची पूर्ण पदवी त्यांनी पाहिली नाही.

आता शॉटवेल यांच्याकडे येऊ. पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली पॅरिसला तहाची परिषद भरली. तेथे अमेरिकेच्या बाजूने काम करणाऱ्या विद्वानांत हे प्राध्यापक होते. रशियात क्रांती झाली होती, जर्मनीत बंडे चालली होती, आणि कामगारांना काही दिल्याशिवाय युरोप शांत होत नाही, हे मुत्सद्द्यांस कळून चुकले होते. तेव्हा व्हर्सायच्या तहातच कामगारांविषयी एक स्वतंत्र भाग घालण्यात आला आणि त्यातून आंतरराष्ट्रीय मजूर संघटना जन्मास आली. तो भाग घडविण्यात शॉटवेल यांचा हात होता. त्याच वर्षी वॉशिंग्टनला या संघटनेची पहिली परिषद झाली. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपले ना. म. जोशी तेथे गेले होते. परिषदेने पहिलाच ठराव केला तो दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाचा.

आणि येथे तो आकडा पुन्हा भेटतो. त्या ठरावाच्या दहाव्या कलमात ब्रिटिश हिंदुस्थानासाठी वेगळी सोय आहे: तेथे आठवडा ६० तासांचा राहील! जपानला ५७. चीन, इराण आणि सयाम यांना तर ठराव लागूच नाही. आठ तासांचे तत्त्व साऱ्या मानवजातीचे म्हणून गाजविले, आणि आम्हांला मात्र बारा तास वर. आमच्याकडील कायद्यात प्रौढ पुरुषाच्या आठवड्याला तोवर मर्यादाच नव्हती, तेव्हा ६० हीदेखील प्रगतीच होती, हे मान्य केले पाहिजे. पण युरोपचा कामगार ४८ तासांनी थकतो आणि आमचा ६० तासांनी, हा हिशेब कोणी मांडला आणि कोणाच्या नफ्यासाठी मांडला, हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

ही गोष्ट आमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. युरोपचा अभ्यास म्हणजे युरोपची आरती नव्हे. उदात्त विचार आणि वसाहतींचा व्यवहार एकाच कागदावर, एकाच शाईने, दोन कलमांत कसे लिहिले जातात, हे ज्याने मूळ कागद वाचला त्यालाच दिसते.

पुढचा हिशेब सरळ आहे. या संघटनेत कामगारांचा प्रतिनिधी कोणी निवडावयाचा, सरकारने की कामगारांनी, या प्रश्नाला जोर आला, आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. १९२२ च्या कारखाना कायद्याने आठवडा ६० तासांवर आला. १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत ५४ वर. आणि जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून कोण बसले? माणगावचे ते अध्यक्ष, शॉटवेलचे विद्यार्थी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी मांडलेल्या विधेयकाने १९४६ साली बारमाही कारखान्यांत आठवडा ४८ तासांवर आला. जे युरोपच्या कामगाराला १९१९ साली कबूल झाले ते आमच्या कामगाराला सत्तावीस वर्षांनी मिळाले. १९४८ च्या कारखाना कायद्यानेही तेच ४८ तास कायम ठेवले.

गुरूने पॅरिसला कलम लिहिले म्हणून शिष्याने दिल्लीत कायदा केला, असा सोपा धागा आम्ही जोडीत नाही. इतिहासात असे सरळ धागे क्वचितच असतात. १९४६ मागे मुंबई, अहमदाबाद, सोलापूर येथील गिरणी कामगारांचे कित्येक संप आहेत. त्याहीमागे १८९० साली रविवारची सुट्टी मिळविणारे सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे आहेत, आणि त्यांनी युरोप पाहिला नव्हता. कामगाराचा रेटा नसता तर मंत्र्याची विद्वत्ता कागदावरच राहिली असती. पण उलट बाजूही तितकीच खरी आहे. रेटा दारापर्यंत नेतो. आत टेबलावर बसून कलमाला कलमाने उत्तर देणारा माणूस आपला नसेल तर दारातून आत गेलेला रेटा तसाच परत येतो. हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. त्या इंग्रजी गठ्ठ्यावर सही करणारा हात आमचाच आहे.

आता आजचा दिवस घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपीय संघाने बाहेरून येणारे लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट यांसारख्या मालामागे हवेत किती कार्बन गेला याचा हिशेब मागावयास सुरुवात केली, आणि २०२६ पासून त्या हिशेबाला पैशाची जोड दिली. आपल्या उद्यमनगरात आणि शिरोलीत भट्ट्या पेटतात त्या लोखंडावर. असे नियम ब्रसेल्स आणि स्ट्रासबर्ग येथे ठरतात. तेथे कोणते पक्ष बसतात, तेथील युनियना काय म्हणतात, कोणाच्या दबावाने कलम सैल होते आणि कोणाच्या दबावाने आवळते, हे जाणणारा माणूस शिरोलीला नको काय? मालकवर्ग सल्लागार नेमील. कामगाराने कोणाला विचारावे? इकडे आठवड्याला ७० तास काम करावे असा उपदेश अलीकडे मोठमोठ्या व्यासपीठांवरून ऐकू येतो. उपदेश करणाऱ्यांस ४८ हा आकडा कसा मिळाला याचा इतिहास ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असून विसरावयाचा असावा. तो सांगणारे कोणीतरी आपल्यात असले पाहिजे.

आठ दिवसांनी बापलेक पुन्हा आले. हे सारे आम्ही त्यांना सांगितले, आज आपल्याला सांगितले तितक्या नेटकेपणाने नव्हे. मुलीने सांगितले की हा अभ्यास दोन वर्षांचा असतो, आणि काही ठिकाणी निरनिराळ्या देशांतील विद्यापीठे मिळून तो चालवितात. पहिले सत्र एका देशात, पुढचे दुसऱ्या. शिष्यवृत्त्या असतात, पण थोड्या. आपल्या राज्य सरकारचीही अनुसूचित जातींच्या मुलांसाठी एक परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचेच नाव आहे, हे ती म्हणाली तेव्हा तिच्या वडिलांनी प्रथमच मान वर केली.

आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "रान आधी काढू नका. शिष्यवृत्तीला अर्ज करू द्या. मिळाली तर पोरीला अडवू नका. नाही मिळाली तर पुन्हा बसू. युनियन आहे, गाव आहे." आणि मुलीला म्हटले, "बाई, तिकडचे वाडे आणि चित्रे अवश्य पाहा. फ्लॉरेन्सला गेलीस तर आपल्या राजाच्या छत्रीपुढे दोन फुले ठेव. पण आमच्यासाठी दहावे कलम वाचत जा. प्रत्येक कागदात ते कुठेतरी असते."

वडील जाता जाता दारात थांबले. म्हणाले, "आण्णा, शाहू महाराजांनी पैसं दिलं ते ठीक हाय. पर बाबासाहेब परत आलं. ही आली न्हाई तर?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर इतिहासात नाही. ते आपल्या हातात आहे. परत येण्याजोगे काम आणि परत आलेल्या माणसाला बसावयास जागा आपण ठेवणार की नाही, यावर ते अवलंबून आहे. मुलीचा अर्ज गेला आहे. निकाल अजून लागावयाचा आहे. युनियनच्या कचेरीत मात्र आम्ही एक टेबल रिकामे करून ठेवले आहे, आणि त्यावर तो इंग्रजी गठ्ठा ठेवला आहे.